हायलायटर की वेप? वस्तू पोरांना डोळ्यासमोर ठेवून बनवलीय का हे कसं ओळखायचं

माझं शाळेच्या गेटसमोर स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली, त्यामुळे पोरांना काय विकलं जातं, कसं विकलं जातं, कुठल्या उंचीवर ठेवलं की पाचवीतला हात पुढे करतो आणि कुठल्या उंचीवर ठेवलं की आईचं लक्षच जात नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं दुकानदारणीच्या नजरेतून लिहिलंय, डॉक्टरच्या नाही.

डिसेंबरमधली गोष्ट. दहावीतला एक पोरगा प्रिलिमच्या नोट्स झेरॉक्स करायला आला आणि पाउच काउंटरवरच विसरून गेला. कुणाचा आहे बघू म्हणून चेन उघडली तर आत दोन पेनं, तुटकी पट्टी, खोडरबर आणि एक फिकट पिवळा हायलायटर. आता हायलायटर तर मी रोज विकते, बाजारात येतो तो प्रत्येक मॉडेल मला हाताला माहितीय, आणि हा हातात घेतल्या घेतल्या कळलं की हा आपल्यातला नाही. एक तर वजन, आत बॅटरी असल्यासारखं जड. दुसरं, टोपण निघेना, कारण टोपण नव्हतंच, वरचा भाग चपटा आणि मधे बारीक भोक. खाली मोबाइलच्या चार्जरचं टाइप-सीचं तोंड. आणि तिसरं म्हणजे वास, डिसेंबरात माझ्या दुकानात पिकलेल्या आंब्याचा वास! हापूस यायला अजून दोन-तीन महिने होते.

मी उलटसुलट करून बघत बसले होते तेवढ्यात माझी लेक क्लासवरून आली, आठवीत आहे, तिने एकदाच बघितलं आणि म्हणाली, "आई, वेप आहे ती. ठेव खाली." वेप म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगरेट, आतल्या निकोटिनच्या लिक्विडची वाफ ओढायची. मला ओळखायला पाच मिनिटं लागली आणि तरी नाव सांगता आलं नाही, तिला एक सेकंद. त्या रात्री मला झोप लागली नाही ती त्या पोरामुळे नाही, त्या एका सेकंदामुळे. तिला कुणी ओळख करून दिली?

तर गाइड तिथूनच सुरू करते. आपल्या घरातल्या पोराला ही वस्तू ओळखता येते का, हे आधी बघा. विचारायचं नाही, विचारलं की "मला काय माहीत" असंच उत्तर येणार. बातमीतला एखादा फोटो मोबाइलवर सहज उघडा ठेवा आणि म्हणा, "हे काय पेन ड्राइव्ह आहे का गं?" पोरं आपली चूक सुधारल्याशिवाय राहत नाहीत, हे सगळ्या आयांना माहितीय. ओळखलं म्हणजे ओढते असं अजिबात नाही हां, पण ओळखलं म्हणजे जाहिरात तिच्यापर्यंत पोचली, एवढं नक्की. ही परीक्षा मी काढलेली नाही. अमेरिकेत 1991 मध्ये डॉक्टरांनी सहा वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवली होती, आणि कॅमल सिगरेटच्या जाहिरातीतला "जो कॅमल" या नावाचा कार्टून उंट त्या मुलांनी मिकी माउसइतकाच बरोबर ओळखला होता. सहा वर्षांची मुलं सिगरेट विकत घेत नव्हती, पण उंट डोक्यात जाऊन बसला होता. 1997 मध्ये कंपनीला तो उंट गुंडाळावा लागला.

आता वस्तू हातात आल्यावर काय बघायचं ते.

आकार बघा, आणि एकच प्रश्न विचारा: ही वस्तू कुणापासून लपवायचीय?

मला सगळ्यात पटलेली कसोटी हीच. समजा पंचेचाळीस वर्षांचे काका आहेत, वीस वर्षं सिगरेट ओढतात, त्यांना सोडायचीय म्हणून वेप घेतात असं धरू. त्यांना ती हायलायटरसारखी दिसायची काय गरज? ते कुणाला घाबरतात, फार तर बायकोला, आणि बायको काय हायलायटर बघून फसणार नाही, कारण काका हायलायटर वापरतच नाहीत. पेन ड्राइव्हसारखी, मार्करसारखी, स्मार्टवॉचसारखी, हुडीच्या नाडीत बसणारी, असल्या वस्तूंचा फायदा फक्त त्यालाच ज्याची बॅग तपासली जाते, ज्याच्या खिशात कुणी हात घालतं, म्हणजे शाळेतल्या पोराला. परदेशात हुडीच्या नाडीतून ओढायचे वेप खरंच विकले गेलेत, चेष्टा नाही. काही डिस्पोजेबलवर, म्हणजे वापरून फेकायच्या वेपवर, तर आता छोटी स्क्रीन असते, त्यावर गेम असतात. ओढत ओढत गेम खेळायची हौस कोणत्या वयात असते ते तुम्हीच सांगा.

मी स्वतः लिपस्टिकच्या आकाराचं खोडरबर विकते आणि बर्गरच्या आकाराचा शार्पनर पण विकते, त्यामुळे मला माहितीय की वस्तूला दुसऱ्या वस्तूचं रूप दिलं की पोरं चार रुपये जास्त देतात. मोठी माणसं देत नाहीत. मोठ्या माणसाला शार्पनर शार्पनरसारखाच पाहिजे असतो.

वास आणि नाव

फ्लेवरवरून खूप वाद घातला जातो, आणि खरं सांगायचं तर समोरच्या बाजूचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मोठ्यांनाही आंबा आवडतो. इंग्लंडमध्ये सिगरेट सोडू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना तिथली सरकारी आरोग्यसेवा वेप वापरायला सांगते आणि त्यांनाही फळांचे फ्लेवर आवडतात. त्यामुळे नुसता फ्लेवर आहे म्हणजे पोरांसाठीच, असं मी म्हणणार नाही. पण फ्लेवरला नाव काय दिलंय ते बघा. नुसतं "मँगो" लिहिणं वेगळं आणि कॉटन कँडी, गमी बेअर, ब्लू रॅझ, बबलगम वेगळं. गमी बेअर कुठल्या आजोबांना आठवतंय?

2018 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफडीएने (आपल्याकडे गुटखा पकडते ती नाही, त्यांचं अन्न-औषधांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) तिथल्या एका दुसऱ्या सरकारी खात्याबरोबर मिळून 13 विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या होत्या, कारण त्यांच्या वेपच्या लिक्विडच्या बाटल्या ज्यूसच्या टेट्रापॅकसारख्या, गोळ्यांच्या पाकिटासारख्या, बिस्किटांच्या पुड्यासारख्या दिसत होत्या. तिथे भीती फक्त पोरं ओढतील एवढीच नव्हती, लहान बाळ ज्यूस समजून पिईल अशीही होती, आणि निकोटिनचं लिक्विड पोटात जाणं हे विष पोटात जाण्यासारखंच आहे.

फ्लेवरचं वजन किती ते एका आकड्यात सांगते. अमेरिकेत 2024 च्या सरकारी सर्वेक्षणात वेप वापरणाऱ्या शाळकरी मुलांपैकी 87.6 टक्के मुलं फ्लेवरवाला वेप वापरत होती. साधा तंबाखूच्या चवीचा असता तर यातली किती पोरं दुसऱ्यांदा जवळ गेली असती?

आणि आपण फार शहाणे आहोत असंही समजू नका. आपल्या लहानपणी फँटम सिगरेट नावाच्या पेपरमिंटच्या पांढऱ्या कांड्या मिळायच्या, टोकाला लाल रंग, आपण सगळ्यांनी त्या दोन बोटांत धरून थंडीत तोंडातून वाफ सोडत हिरो बनून फोटो काढलेत. आमच्या अल्बममध्ये माझा पण आहे. त्यात निकोटिन नव्हतं म्हणून सुटलो, पण बोटांत कशी धरायची ती सवय त्यातूनच शिकलो ना.

पाकिटावरचा टक्का नीट वाचा

इथे बहुतेक पालक फसतात, मीही फसले. त्या पिवळ्या दांडीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं 5%. मला वाटलं चला, पाचच टक्के, पंच्याण्णव टक्के काहीतरी वेगळं. उलटं आहे. 5% म्हणजे ढोबळमानाने दर मिलीलिटरला 50 मिलिग्रॅम निकोटिन. युरोपियन युनियनमध्ये कायद्याने मर्यादा 20 मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे त्याच्या अडीच पट. वर 10 मिली लिक्विड असेल तर त्या एका हायलायटरमध्ये 500 मिलिग्रॅम निकोटिन झालं. सगळं शरीरात जात नाही हे मान्य, सिगरेटशी सरळ भागाकार करता येत नाही, पण एक सिगरेट ओढल्यावर शरीरात साधारण मिलिग्रॅम-दीड मिलिग्रॅम जातं एवढं लक्षात ठेवा आणि मग त्या 500 कडे बघा.

आता प्रश्न असा की एवढं कडक असेल तर पहिल्यांदा ओढणाऱ्या पोराला ठसका कसा लागत नाही? पहिली सिगरेट ओढून खोकून खोकून डोळ्यात पाणी आलं म्हणून कितीतरी जणांनी दुसरी ओढली नाही, तो ठसका म्हणजे घराच्या दारातला कुत्रा होता. वेपवाल्यांनी कुत्र्यालाच झोपवला. जुन्या लिक्विडमधलं निकोटिन घशाला टोचायचं, मग त्यात बेंझोइक अ‍ॅसिड घालून निकोटिन सॉल्ट केलं गेलं, ते घशाला मऊ लागतं, त्यामुळे निकोटिन जास्त घालता येतं आणि खोकलाही येत नाही. हे तंत्र सर्रास झालं ते ज्यूल नावाच्या कंपनीमुळे. वीस वर्षं सिगरेट ओढलेल्या काकांना ठसक्याचं काही वाटत नाही, त्यांचा घसा केव्हाच तयार झालाय. मऊपणाचा सगळ्यात मोठा फायदा नवख्याला, आणि नवखे कुठल्या वयाचे असतात ते वेगळं सांगायला नको.

ज्यूलची केस, कारण जाहिरात कशी वाचायची ते इथे शिकता येतं

दोन मुलं, अ‍ॅडम बोवेन आणि जेम्स मॉन्सीस, स्टॅनफर्डमध्ये शिकलेली, स्वतः सिगरेट ओढणारी, त्यांनी सिगरेटला पर्याय म्हणून हे काढलं. 2015 च्या जूनमध्ये ज्यूल बाजारात आलं. दिसायला पेन ड्राइव्ह. लाँचच्या जाहिरातीत गडद रंगांच्या पट्ट्या, उड्या मारणारी, केस उडवणारी, तरुण दिसणारी मॉडेल्स, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर भलेमोठे बोर्ड, पार्ट्या आणि फुकट सँपल. जाहिरातीत सिगरेट सोडायचा प्रयत्न करणारा, खोकणारा, दमलेला माणूस कुठेच नाही. वस्तू काढली त्याच्यासाठी म्हणे, आणि जाहिरातीत तोच गैरहजर! आमच्या धंद्यात असं होत नाही, वहीच्या कव्हरवर शाळेतलं पोर असतं कारण वही शाळेतलं पोर घेतं.

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी वकिलांनी 2020 मध्ये केस केली त्यात आरोप होता की कंपनीने निकलोडियन आणि कार्टून नेटवर्कच्या वेबसाइटवर जाहिरातीच्या जागा घेतल्या होत्या. 2019 च्या जुलैमध्ये अमेरिकन संसदेच्या समितीसमोर, राजा कृष्णमूर्ती त्या समितीचे अध्यक्ष होते, मुलांनी येऊन सांगितलं की कंपनीचा माणूस शाळेत आला होता आणि वर्गशिक्षक बाहेर गेल्यावर म्हणाला की हे सेफ आहे. कंपनी कायम म्हणत राहिली की आम्ही मुलांना टार्गेट केलं नाही. पण पैसे भरले. 2022 च्या सप्टेंबरमध्ये तीसच्या वर राज्यांबरोबर 43 कोटी 85 लाख डॉलरचा समझोता, 2023 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया वगैरे आणखी सहा राज्यं आणि वॉशिंग्टन डीसीबरोबर 46 कोटी 20 लाख डॉलर. या समझोत्यांच्या आधी, 2019 मध्ये, तिथे दर शंभर हायस्कूलवाल्यांपैकी सत्तावीस-अठ्ठावीस पोरं वेप ओढत होती.

2022 च्या समझोत्यात कंपनीने काय काय करायचं नाही याची यादी आहे, आणि माझ्या मते पालकांनी तीच यादी फ्रिजवर लावावी. जाहिरातीत 35 वर्षांच्या आतलं माणूस दाखवायचं नाही. कार्टून वापरायचं नाही. शाळांमध्ये पैसे घालायचे नाहीत. सिनेमा-मालिकांत पैसे देऊन वस्तू दाखवायची नाही. इन्फ्लुएन्सरला पैसे देऊन बोलवायचं नाही. सरकारने मंजूर न केलेले फ्लेवर विकायचे नाहीत. आता कुठलीही वेपची रील उघडा आणि एक एक टिक करत जा. किती टिक पडतात ते मोजा, दोनच्या वर पडल्या तर माझ्या दृष्टीने केस क्लोज.

आणि पुढे काय झालं तेही ऐका, कारण इथे दुकानदारीचा खरा धडा आहे. 2020 च्या सुरुवातीला अमेरिकेने पॉडवाल्या (लिक्विडची छोटी डबी बदलता येते अशा) वेपमधले गोड फ्लेवर थांबवले, फक्त तंबाखू आणि मेंथॉल ठेवलं. पण वापरून फेकायच्या डिस्पोजेबलला तो नियम लागू नव्हता. झालं, पोरं डिस्पोजेबलवर गेली, आधी पफ बार, मग एल्फ बार, आणि 2024 मध्ये तिथल्या पोरांत एल्फ बारच सगळ्यात जास्त होता. आपल्याकडे नाही का, महाराष्ट्रात 2012 ला गुटखा बंद झाला तर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी अशी जोडी टपरीवर लटकायला लागली. एक दार बंद केलं की माल खिडकीतून येतो. मात्र नियमांनी काहीच होत नाही असंही नाही, तिथली वेप ओढणारी शाळकरी मुलं 2024 पर्यंत 16 लाख 30 हजारांवर आली, आदल्या वर्षी 21 लाखांच्या वर होती.

आपल्याकडे काय, इथे तर बंदी आहे ना?

आहे. 18 सप्टेंबर 2019 ला निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषदेत जाहीर केलं, आधी वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा पकडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवला तर सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. स्वतः ओढणाऱ्याला शिक्षा असं कलम त्यात नाही, त्यामुळे पोराला "पोलीस पकडून नेतील" अशी भीती घालू नका, ते गुगल करतं आणि मग तुमचं बाकीचंही खोटं ठरतं.

याचा अर्थ काय ते बघा. अमेरिकेत कंपनी निदान म्हणू शकते की आमचा माल मोठ्यांसाठी. इथे असं म्हणणारा कुणी कायदेशीर विक्रेताच नाही. त्यामुळे इथे दिसणारी प्रत्येक जाहिरात मुळातच बेकायदा, मग ती कुणालाही असो. आणि बेकायदा माल विकणारा आधारकार्ड बघत नाही. सिगरेटला निदान अठरा वर्षांची अट आणि शाळेपासून 100 यार्डांचं अंतर आहे, पाळतात किती ते सोडा, मी रोज बघते. चोरून विकणाऱ्याला कसलं अंतर, त्याचं दुकान पोराच्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

म्हणून इथे जाहिरात ओळखायची तर बोर्ड शोधू नका. मी लेकीला शेजारी बसवून तिच्याच फोनवर बघितलं (तिच्या परवानगीने, चोरून बघितलं असतं तर पुढच्या वेळी काहीच दिसलं नसतं). काय काय दिसतं ते सांगते. धुराची वलयं सोडणारी रील, वस्तूचं नाव कुठेच नाही, खाली लिहिलेलं "किंमत डीएममध्ये". प्रोफाइलवर आंबा, कलिंगड, ढग असली इमोजीची रांग. "गिफ्ट आयटम", "परफ्यूम", "फ्लेवर्ड पेन" अशी नावं. "पॅन इंडिया शिपिंग, डिस्क्रीट पॅकिंग" आणि पैसे यूपीआयने. किंवा सरळ मित्राचा मित्र, जो दहा मागवतो आणि आठ विकून दोन फुकटात ओढतो. हा शेवटचा प्रकार सगळ्यात अवघड, कारण तो विक्रेता वाटतच नाही, वर्गातला पोरगा वाटतो.

आणखी एक गळती म्हणजे आपणच. दुबईहून येणारा मामा, बँकॉकला गेलेला काका, पोरं म्हणतात माझ्यासाठी "ते" आणा आणि हा खुशाल दोन आणतो. अहो, आयात म्हणजे आयात, बॅगेत एक आणली तरी. आणि थायलंडमध्ये तर स्वतःच बंदी आहे, तिकडेही पकडतात.

मग पोराशी बोलायचं कसं

माझ्या त्या पाउचवाल्याकडे येते. दुसऱ्या दिवशी आला, "काकू, माझा पाउच राहिला होता का?" मी दिला. त्याने तिथेच चेन उघडून बघितलं. मी म्हटलं, "हायलायटर माझ्याकडे आहे." तो गप्प. गिऱ्हाईक होतं म्हणून मी झेरॉक्स काढत राहिले, तो तसाच उभा, कानाच्या पाळ्या लाल. मग हळूच म्हणाला, "मम्मीला सांगणार?" मी म्हटलं, रविवारपर्यंत तू सांग, नाही सांगितलंस तर सोमवारी मी सांगते. मी काय ओरडले नाही, एकच विचारलं, पहिल्यांदा का घेतलीस. म्हणाला, "वास छान होता."

वास छान होता! बाकी कुठलं संशोधन पाहिजे तुम्हाला.

रविवारी त्याच्या आईचा फोन आला. मला वाटलं थँक्यू म्हणेल. तिने विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहिती होतं?" चार दिवस, मी म्हटलं. ती काही बोलली नाही. मी बरोबर केलं का ते मला आजही कळत नाही, तुमचं पोर असेल तर चार दिवस थांबा असं मी सांगणार नाही.

पण बोलताना एक पाळा, व्हॉट्सअॅपवरचं भयंकर काही पाठवू नका. "वेपमुळे पॉपकॉर्न लंग (फुप्फुसाचा एक आजार) होतो" आणि "2019 ला अमेरिकेत वेपने इतकी माणसं मेली" हे दोन मेसेज सगळीकडे फिरतात. दुसरं खरं आहे, 68 मृत्यू नोंदवले गेले होते, पण त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेले बेकायदा वेप ओढले होते आणि त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर मुख्य ठपका आला. पोराला हे माहीत असतं आणि तुम्हाला नसतं, मग तुम्ही हरलात. त्यापेक्षा खरं तेच सांगा, की निकोटिन लागतं, मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो आणि त्या वयात लागलेलं सुटायला जास्त जड जातं, सकाळी उठल्या उठल्या हात तिकडे जातो, परीक्षेच्या पेपरला तीन तास बसवत नाही. दहावीतल्या पोराला फुप्फुसापेक्षा पेपर जास्त कळतो.

आणि त्याच्याशी वस्तूबद्दल बोलण्याऐवजी विकणाऱ्याबद्दल बोला. "तुला मूर्ख समजून हायलायटरच्या आकारात विष विकलंय, आणि 5% चा अर्थ पण सांगितला नाही." या वयात पोरांना आई-बापाचा राग येतो तसा फसवणाऱ्याचाही येतो, तो राग आपल्या कामाचा आहे.

सवय लागलीच असेल तर तंबाखू सोडण्यासाठी सरकारची टोल फ्री लाइन आहे, 1800-11-2356, किंवा 011-22901701 वर मिस्ड कॉल द्यायचा. चिडचिड, झोप उडणं, सारखी भूक, हे पहिल्या दोन आठवड्यांत होणारच, त्याला उर्मटपणा समजून वर आणखी भांडू नका.

विकणारा सापडला तर तक्रार करा. केंद्राच्या आरोग्य खात्याने 2023 मध्ये याचसाठी पोर्टल काढलंय, व्हायोलेशन-रिपोर्टिंग डॉट इन. रीलचा किंवा प्रोफाइलचा स्क्रीनशॉट आधी घ्या, नंतर इन्स्टावर रिपोर्ट करा, उलटं केलं तर प्रोफाइल उडतं आणि तुमच्या हातात काही राहत नाही. पोराचं नाव कुठेही टाकू नका. आणि त्या विक्रेत्याला स्वतः मेसेज करून "मागवून बघू" असली हुशारी नको.

राहता राहिली ती वस्तू. कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, आत लिथियमची बॅटरी असते, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते, आणि उरलेलं लिक्विड घरातल्या रांगत्या बाळाच्या हाती लागलं तर पळापळ. फोडून बघायची नाही, बेसिनमध्ये ओतायची नाही. पिशवीत घट्ट बांधून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायची. आमच्या सोसायटीत ती गाडी महिन्यातून एकदाच येते, तोपर्यंत पिवळा हायलायटर माझ्या गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये कुलपात होता. देऊन टाकून आता दीड महिना झाला, ड्रॉवर दोनदा पुसला, तरी अजून सुट्टे परत देताना गिऱ्हाईक विचारतं, "काकू, आंबे आले का हो?"